बाळ गेलं, बाळंतीण राहिली

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास बाळाने दूध घेतलं नाही.

भारतीने त्याला एका बाजूला लावून पाहिलं, मग दुसऱ्या. ओठ टेकले, पण ओढ नव्हती. तिने तळव्याला टिचकी मारली, कानाची पाळी चोळली. बाळाने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपलं.

"आई, हा पीत नाय गं."

"झोप लागली असंल," येसू चुलीपासूनच म्हणाली. "निजू दे. निजणारं पोर वाढतं."

बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात आतली. तिला खिडकी होती, पण वारं लागू नये म्हणून त्यावर गोणपाट ठोकलेलं. बाजेखाली शेगडी. सोमवारी आरोग्य केंद्रात बाळंतपण झालं, बुधवारी सकाळी घरी सोडलं, आणि तेव्हापासून मायलेकरं या अंधारात होती. दोन वेळा येसू बाळाला खोबरेलात कालवलेली हळद चोळत होती. हळद भारतीच्या सासरहून, बेलवलीहून आली होती. तिच्या सासूने, वेणूबाईंनी स्वतः दळलेली, जावयाच्या, सुयोगच्या हाती पाठवलेली.

आज पाचवी. बेलवलीची माणसं यायची होती. त्यामुळे येसू पुरणाच्या गडबडीत होती आणि साईनाथ, भारतीचा भाऊ, पाटा-वरवंटा घासून ठेवत होता. बाळ शांत आहे, त्रास देत नाही, याचं दोन दिवस सगळ्या पाड्यावर कौतुक चाललं होतं.

भारतीने पुन्हा एकदा त्याला छातीशी धरलं. हात सोडला की त्याचा हात खाली पडत होता.

*

सुयोगची इको गाडी दारात थांबली तेव्हा पुढच्या सीटवर भारतीचे सासरे आण्णा होते, मागे वेणूबाई आणि थोरली सून तेजल. सुजित, तेजलचा नवरा, अंबरनाथहून ड्युटी संपवून संध्याकाळी येणार होता. आण्णा पडवीतल्या बाजेवर टेकले. सुपारीच्या दिवशी झालेल्या बोलाचालीनंतर या घरात ते दुसऱ्यांदाच येत होते.

तेजल पाय धुऊन सरळ आत गेली. अंधारात बाळ कसं आहे ते कळेना. तिने उचललं, आणि वजन तिच्या हातात पाण्याच्या पिशवीसारखं सांडलं.

"कधीपासून असा आहे, भारती?"

"काल संध्याकाळपासून जास्तच झोपतो. आज प्यायलाच नाय, ताई."

"शू करतो?"

"कमी. कपड्यावर डाग पडतो पिवळा."

तेजल बाळाला घेऊन उठली. ती पडवीच्या दाराशी पोचते तोच वेणूबाईंनी पाहिलं.

"अगो तेजल! कुठं काढतेस त्याला भायेर? पाचवी व्हायचीय अजून!"

"पडवीतच आहे आई. उजेडात बघायचंय फक्त."

"उजेडात काय बघायचंय? पोर हाय, पापलेट नाय."

साईनाथ हसला. तेजल हसली नाही. ती पायरीवर उन्हाच्या कडेला बसली आणि पाण्यात रुमाल भिजवून बाळाची छाती पुसली. रुमाल पिवळा झाला.

"हळदच ती," येसू म्हणाली. "सकाळीच लावलीय."

तेजलने रुमाल पिळून पुन्हा पुसलं. रंग फिका आला. आणखी एकदा पुसलं. या वेळी रुमाल पांढराच राहिला आणि कातडी पिवळीच राहिली. तिने अंगठ्याने बाळाचं नाक दाबून सोडलं, मग छातीचं हाड, मग पोट, मग पाऊल. दाबलेली प्रत्येक जागा केळ्याच्या सालीसारखी दिसली. शेवटी तिने एका बोटाने पापणी वर केली.

"सुयोग भाऊजी, इकडे या."

सुयोगने वाकून पाहिलं. "कावीळ?"

"माझ्या सोनूला झाली होती, पण तिची मानेपर्यंत होती. याची तळपायापर्यंत गेलीय." तेजल येसूकडे वळली. "मावशी, आशाताई आल्या नव्हत्या घरी? त्यांना यायचंच असतं."

येसूने हात पदराला पुसले. "गयाबाई आलती बुधवारी दुपारी. पण ती वरच्या आळीतून आलती, मयताच्या घरून. सुतकातली बाई बाळंतिणीच्या खोलीत कशी घेऊ? पडवीतूनच बोलली."

"काय विचारलं तिने?"

"दूध पितो का इचारलं. पितो म्हटलं. पिवळा दिसतो का इचारलं." येसूने बाळाकडे पाहिलं. "हळद लावलीय म्हटलं मी."

मग सगळे एकदम बोलले. सुयोग म्हणाला, आत्ता निघू. वेणूबाई म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धरा, उतरतं. सुयोगला लहानपणी असंच झालतं. येसू म्हणाली, पाचवी तेवढी होऊ दे, सटवाई घरी येते आणि पोर घरात नसलं तर तिनं लिहायचं कुणाच्या कपाळी? वेणूबाईंनी मान डोलावली. दोन विहिणींचं लग्नापासून एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आज झालं.

"आई, यार, काय चाललंय तुमचं?" सुयोग ओरडला. "पोरगा हलत नाहीये!"

"आरडू नको," वेणूबाई म्हणाल्या. "वेशीवर देव बसलेत."

तेजलने बाळ खांद्याला लावलं. "आण्णा, तुम्ही सांगा."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते बोलायला वेळ घेत, आणि बोलले की घरात विषय संपत असे. बाळंतपणासाठी भारतीचं नाव बदलापूरच्या दवाखान्यात घातलेलं असतानाही पहिलं बाळंतपण माहेरचंच, हे त्यांनीच सांगितलं होतं आणि विषय संपला होता.

"बाळ जाईल," ते म्हणाले. "बाळंतीण ऱ्हाईल. आजारी पोराला अडवू नये, आन् वल्या बाळंतिणीनं पाचवीआधी वेस वलांडू नये. हितं पूजा होईल. डॉक्टर तिकडं बघतील."

प्रत्येकाला थोडं थोडं मिळालं होतं, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सुयोगला वाटलं, वाद घालण्यात वेळ जाईल. तेजल एवढंच म्हणाली, "दूध?" आणि वेणूबाई म्हणाल्या, "पावडर मिळत नाय का बदलापुरात?"

आतल्या खोलीच्या दारात भारती उभी होती. तिला कोणी विचारलं नाही.

साईनाथ पाण्याच्या टाकीवर चढून एकशेआठला फोन लावून आला, रेंज तिथेच येत असे. रुग्णवाहिका दुसरी बाई घेऊन मुरबाडकडे गेली होती. इको वळवली गेली. आण्णा पुढे बसले, वेणूबाई आणि तेजल मागे. गाडी धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत भारती दारातच होती.

*

बदलापूर पश्चिमेच्या त्याच दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ तरुण होत्या. त्यांनी बाळाचे कपडे काढले, टाचेतून रक्त घेतलं आणि अहवाल येण्याआधीच त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधली. वेणूबाई काचेतून बघत होत्या.

हा दिवा त्यांनी पाहिलेला होता. तेजलचं पहिलं बाळंतपण, तेही माहेरीच झालं होतं. तेजलचं माहेर विठ्ठलवाडीचं. तिथल्या नर्सिंग होममध्ये मुलांचा डॉक्टर रोज सकाळी फेरी मारायचा. तिसऱ्या दिवशी त्याने सोनूच्या नाकावर बोट दाबलं आणि तिला दिव्याखाली टाकलं. वेणूबाई तेव्हा या वऱ्हांड्यासारख्याच एका वऱ्हांड्यात म्हणाल्या होत्या, डॉक्टरांची थेरं सगळी. सोनू आता शाळेत जाते. नियम दोन्ही सुनांना एकच लावला होता. त्यांनीच लावला होता, आण्णांच्या तोंडून.

"आजी, बाळाची आई कुठे आहे?" डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं.

"घरी. माहेरी."

"घरी का?"

वेणूबाईंनी तेजलकडे पाहिलं. तेजलने उत्तर सासूलाच देऊ दिलं.

"पाचवी हाय आज," वेणूबाई म्हणाल्या.

डॉक्टर सुयोगकडे वळल्या. "हे बघा. आईचा रक्तगट ओ आहे, आमच्याकडे तिच्या जुन्या तपासणीत नोंद आहे. बाळाचा बी आलाय. आईच्या रक्तातून आलेला काही भाग बाळाच्या रक्तपेशी फोडतोय. काही मुलांत होतं असं, कोणाची चूक नाही. दोन दिवस आधी दिव्याखाली आलं असतं तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. आता काविळीचा आकडा सव्वीसवर गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही कावीळ मेंदूत जाऊ शकते. बाळाचं रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं करत. माझ्याकडे दिवा आहे, ती सोय नाही. उल्हासनगरला एका ठिकाणी जागा आहे, मी बोललेय. मशीनवाली गाडी बोलावलीय, जाताना दिवा बंद राहील, तेवढा वेळ कमी करायचा."

"चला मग," सुयोग म्हणाला.

"थांबा. रक्तपेढी रक्त देण्याआधी जुळवून बघते. त्यासाठी बाळाबरोबर आईच्या रक्ताचाही ताजा नमुना मागतील. आईला उल्हासनगरला आणा. लगेच."

सुयोगने फोन लावला. भारतीचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर. साईनाथचा बाहेर. त्याने पुन्हा लावला, पुन्हा. "कोण चढणार आता टाकीवर," तो स्वतःशीच म्हणाला आणि किल्ली काढून दाराकडे निघाला.

"भाऊजी, तुम्ही नाही," तेजल म्हणाली. "तिकडे बापाची सही लागेल."

"मग कोण जाणार, वहिनी? तुम्हाला चालवता येते?"

"मी जातो," आण्णा म्हणाले.

ते बाकावरून उठले होते. टोपी हातातच होती. "रिक्षा करतो. मी ठेवली तिला, मी आणतो."

वेणूबाईंनी नवऱ्याच्या आवाजात असं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. त्या काही बोलणार तोवर ते पायऱ्या उतरले होते.

*

इको गेल्यावर भारती खोलीत परत गेली आणि बसली. थोड्या वेळाने छाती भरून आली आणि चोळी भिजली. बाहेर येसू पाट्याला हळदकुंकू लावत होती.

भारती उठली, लुगड्याच्या चिंधीने डोकं-कान घट्ट बांधले, सुयोगचा जुना स्वेटर चढवला आणि पडवीत आली.

"साईनाथ, भाजीची पिकअप काढ."

"कुठं?"

"बदलापूर."

येसू उंबऱ्यात आडवी झाली. "येडी झालीस? टाके वले हायेत अजून. सासरा सांगून गेला ना?"

"सासऱ्याला दूध येतं का?"

"भारती!"

"आई, बाजूला हो. नायतर चालत जाईन. धरणावर पडले तर तिथनं उचल मला."

येसूने लेकीकडे पाहिलं, मग पूजेच्या पाटाकडे. शेजारची ठमाबाई कुडाच्या पलीकडून ऐकत होती. येसूने तिला हाक मारली, चुलीवरचं बघ म्हणाली, आणि कोपऱ्यातली गोधडी काढून पिकअपच्या सीटवर पसरली.

साईनाथ खड्डे चुकवत, दुसऱ्या गिअरमध्ये चालला होता. प्रत्येक दणक्याला भारती दात आवळत होती. तिघं पुढच्या एकाच सीटवर दाटीने बसली होती. धरणाच्या वळणावर समोरून एक रिक्षा आली. रस्ता एकाच गाडीचा. साईनाथने हॉर्न दिला. रिक्षातून आण्णा उतरले.

भारतीने काच खाली केली. तिने डोक्यावरून पदर घेतला नाही, तो स्वेटरखाली अडकला होता.

"तुलाच न्यायला येत व्हतो," आण्णा म्हणाले. "रक्त पायजे तुझं. जुळवायला. बदलापुरात नाय, उल्हासनगरला नेलाय त्याला."

"जिवंत हाय?"

"हाय."

ती म्हणाली, "आण्णा, तेजलताईंचं माहेर विठ्ठलवाडीला हाय. माझं हितं हाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्ही दोघींनाही सांगितलंत. माहेर कुठं हाय ते बघितलं नाय."

येसू खाली बघत होती. साईनाथने स्टिअरिंगवरचा हात काढला. सासऱ्याला असं बोललेलं या रस्त्याने ऐकलं नसेल.

"नाय बघितलं," आण्णा म्हणाले.

रिक्षावाल्याने मागे घ्यायला नकार दिला, मग शिव्या देत घेतली. पुढे जागा नव्हती. आण्णा पिकअपच्या हौद्यात चढले, भाजीच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि फळी धरून राहिले.

*

उल्हासनगरच्या रुग्णालयात नवजात मुलांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या वऱ्हांड्यात स्टीलच्या खुर्च्या. सुजित अंबरनाथहून बाइकवर थेट तिथे आला होता, कंपनीच्या गणवेशातच.

लिफ्टमधून भारती बाहेर आली तेव्हा सुयोगने तिला पाहिलं, आणि तिच्यामागे येसूला पाहिलं.

"मामी, एक सांगा," तो म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "ती आशाताई दारात आली होती. सरकारने घरी पाठवली होती तुमच्या. एकदा, फक्त एकदा तिला आत सोडलं असतं तर? सुतक! दोन दिवस गेले त्या सुतकात. पोरगा गेला असता तर त्याचं सुतक कोणी धरायचं होतं?"

येसूने तोंडाला पदर लावला.

"सुयोग," वेणूबाई म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नको आई."

"बोलणार. हळद माझी व्हती. दोन टाइम लाव, रंग उजळतो, हे मी सांगितलं तिला. पाचवी झाल्याबगर नेऊ नको, हे पण मी बोलले. तिला एकटीला काय फाडून खातोस? मला खा." त्यांनी येसूच्या दंडाला धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "बसा, येसूबाई."

सिस्टर दार उघडून बाहेर आली. "बच्चे की मम्मी कौन? आई कोण?"

"मी."

"चला, लवकर. ब्लड द्यायचंय ना."

आत जाण्यापूर्वी भारतीने काचेतून पाहिलं. वरून आणि खालून निळा उजेड, मध्ये डोळे बांधलेलं बाळ, नाभीजवळ नळी. हळद पूर्ण निघाली होती. त्याचा मूळ रंग कोणता ते निळ्यात कळत नव्हतं.

नमुना घेतला. सिस्टरने दोन छोट्या बाटल्यांवर नावं चिकटवून त्या थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या आणि डबा सुजितकडे दिला. रक्तपेढी कल्याणला होती. तेजल नवऱ्याबरोबर जिन्यापर्यंत गेली. "पुलावर घाई नको करू," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नाही, कर."

डॉक्टर सिंधी होते, साठीकडे झुकलेले, मराठी-हिंदी एकत्र बोलणारे. त्यांनी आई-बापाला आत बोलावलं. आण्णाही दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना कोणी हटकलं नाही.

"दिव्याने आकडा थांबलाय, वाढत नाही. मगर कमी भी नहीं हो रहा. रक्त आलं की सुरू करतो."

"वाचेल ना, डॉक्टर?" सुयोगने विचारलं.

"वाचेल असं वाटतं. प्रश्न तो नाही आता." ते भारतीकडे पाहून बोलले. "कानावर, मेंदूवर किती परिणाम झाला, झाला की नाही, ते आज कोणी नाही सांगू शकत. मी पण नाही. कान तपासू नंतर. मान कशी धरतो, बसतो कधी, ते बघत जाऊ."

"मी यायला उशीर केला म्हणून?" भारतीने विचारलं.

"बेटा, तू सगळ्यांत शेवटी आलीस, उशीर तू नाही केलास."

"आता दूध देऊ?"

"काढून दे. नळीने घालू. तुझंच."

आण्णा दारातून मागे सरले आणि वऱ्हांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. खाली बाजाराची वर्दळ होती, हातगाड्या, रिक्षा. कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही. थोड्या वेळाने साईनाथ पाण्याची बाटली घेऊन गेला. त्यांनी घेतली, उघडली नाही.

संध्याकाळी बाळाने आकडी आल्यासारखं अंग ताणलं. सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले नाहीत, पण भराभर चालत आले, आणि काचेवरचा पडदा आतून ओढला गेला. वेणूबाई उठून उभ्या राहिल्या. येसूने त्यांचा हात धरला होता, तो तसाच राहिला.

डॉक्टर बाहेर येऊन सुयोगला म्हणाले, "रक्तपेढीला विचारा कुठपर्यंत आलं."

सुयोगने फोन लावायच्या आतच सुजितचा आला. त्याने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तेच शब्द पुन्हा बोलला.

"पहिली पिशवी जुळली नाही. दुसरी तपासायला घेतलीय."